प्राध्यापकांवर विकिपीडिया लेख लिहिण्याआधी
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या प्राध्यापकांवर लेख लिहायचाय? पीएचडी, दीर्घ सेवा आणि निवृत्तीच्या सत्काराची बातमी बाजूला ठेवा. तेवढ्यावर लेख टिकत नाही. इंग्रजी विकिपीडियाचे निकष वेगळं विचारतात: इतर अभ्यासकांनी त्यांच्या संशोधनाचा आधार किती घेतला? विज्ञानातल्या भटनागरसारखा मोठा पुरस्कार? भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीची फेलोशिप, म्हणजे निवडून मिळणारं सदस्यत्व? मोठ्या विद्यापीठाचं कुलगुरुपद? (नुसतं प्राचार्यपद सहसा पुरत नाही, गावात मान कितीही असो.) यातलं एक भक्कम असलं तरी चालतं. मराठीत लिहिणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण गूगल स्कॉलरवर (संशोधनाचे संदर्भ शोधायच्या गूगलच्या साधनावर) मराठी ग्रंथांची दखल फारशी दिसत नाही. अशा वेळी नियतकालिकांतली पुस्तक-परीक्षणं शोधा, तीही त्रयस्थांनी लिहिलेली. मित्राने लिहिलेली प्रस्तावना मोजू नका.