पहाडात बर्फ पडलं की ग्वाल्हेरात काय करायचं: शीतलहरीची तयारी

ग्वाल्हेरात बर्फ पडत नाही, पण इथल्या थंडीचा निरोप बर्फच घेऊन येतं. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या ढगाळ, पावसाळी हवेच्या प्रणाली, एकामागून एक येतात आणि काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ टाकतात. विक्षोभ पुढे सरकला की आभाळ निवळतं, वारा वायव्येकडून सुटतो आणि बर्फावरून आलेली कोरडी, गार हवा पंजाब, हरियाणा, दिल्ली ओलांडत साधारण दोन-तीन दिवसांत चंबळ पार करते. वाटेत तिला अडवणारा मोठा डोंगर नाही. म्हणून बातम्यांत गुलमर्ग किंवा मनाली पांढरं झालेलं दिसलं, की आपल्याकडे दोन दिवस आहेत असं समजायचं. कामं त्या दोन दिवसांत उरकायची. लहर आल्यावर रजईला ऊन मिळत नाही आणि हिटर दुरुस्त करणारा सापडत नाही.

विक्षोभ डोक्यावर असताना मात्र हमखास फसगत होते. ढग येतात, रात्रीची उष्णता वर निसटत नाही, किमान तापमान दोन-चार अंशांनी चढतं, कधी मावठ, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडते. लोकांना वाटतं थंडी गेली, आणि जाड पांघरुणं पेटीत जातात. खरी गोष्ट उलटी असते. मावठीने जमीन ओली झाली, मग आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला, की दुसऱ्याच पहाटे दाट धुकं उतरतं. म्हणून जानेवारीत एखादी रात्र उबदार गेली, तर तिला पुढच्या लहरीची सूचनाच समजा.

इशारा कसा वाचायचा

भोपाळचं मौसम केंद्र जिल्हावार इशारे देतं आणि हवामान विभागाच्या 'मौसम' ॲपवर पुढच्या काही दिवसांचा अंदाज दिसतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल, तर ती शीतलहर. घट ६.४ पेक्षा जास्त असेल तर तीव्र शीतलहर. शिवाय पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली आला तर शीतलहर, आणि २ किंवा त्याखाली गेला तर तीव्र, मग सरासरी काहीही असो.

बहुतेक घरांत फक्त किमान आकडा पाहिला जातो. आमच्या मते ग्वाल्हेरकरांनी त्याहून जास्त लक्ष 'शीत दिवस' या शब्दावर ठेवावं. किमान १० किंवा त्याखाली आणि दुपारचं कमाल तापमानही सरासरीपेक्षा ४.५ अंशांहून जास्त खाली, तो शीत दिवस. रात्री ४ अंश झाले, पण दुपारी लख्ख ऊन पडलं, तर घर आणि शरीर दोन्ही सावरतात. धुकं दुपारपर्यंत हललं नाही आणि असे तीन दिवस लागोपाठ गेले, तर शरीराला सावरायला जागाच मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांची तब्येत बिघडते ती बहुधा अशाच दिवसांत. अंदाजात 'शीत दिवस' आणि 'दाट धुकं' एकत्र दिसले, तर तयारी पूर्ण हवी.

घर: दगड ऊब धरतो, तशी गारही धरतो

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले जुने वाडे, दौलतगंज, जिवाजीगंजाकडची घरं जाड दगडी भिंतींची आहेत. दगड सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. लहरीच्या पहिल्या दिवशी अशा घरात 'आत बरं आहे' असं वाटतं. तिसऱ्या दिवसापर्यंत भिंती निवतात, आणि मग बाहेर ऊन पडलं तरी आत हुडहुडी भरते. त्यामुळे भिंतींत ऊब साठवण्याचं काम लहर यायच्या आधीचं. आधीच्या उन्हाच्या दिवसांत ११ ते ३ दक्षिणेकडच्या खिडक्या, पडदे सताड उघडे ठेवा आणि चारच्या आत सगळं बंद करा. संध्याकाळी सहाला खिडकी लावून काही उपयोग नाही, तोवर दिवसभराची कमाई निघून गेलेली असते.

मधला चौक उघडा असेल तर सगळं घर उबदार ठेवायचा नाद सोडा. एकच खोली निवडा: लहान, शक्यतो आतली किंवा दक्षिणेची, स्वच्छतागृहाजवळची. पाच-सहा दिवस घरातले म्हातारे आणि लहान मुलं त्याच खोलीत झोपतील अशी व्यवस्था करा. दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याची किंवा चादरीची घट्ट वळी करून सारा. जाळीच्या खिडकीला आतून जाड पडदा लावा. पण वरचा एक झरोका दोन बोटं उघडा राहिलाच पाहिजे. बंद खोलीचा धोका पुढे शेगडीच्या भागात येईल.

अंथरुणात सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे वर तीन पांघरुणं आणि खाली एक पातळ सतरंजी. अंगाच्या वजनाने खालचा कापूस दबतो, त्यातली हवा निघते आणि गार फरशी ऊब खेचून घेते. वर आणखी एक ब्लँकेट टाकण्याआधी खाली चटई, त्यावर गादी, त्यावर गोधडी असे थर करा. रजई दोन दिवस दोन्ही बाजूंनी कडक उन्हात घाला. ओलसर कापूस चिकटून बसतो आणि ऊब धरत नाही. हाताने चाचपल्यावर गाठी आणि मधे पोकळ जागा लागत असतील, तर ऊन देऊन भागणार नाही, रजई पिंजून घ्यावी लागेल. हे काम नोव्हेंबरात करावं, लहरीच्या आठवड्यात पिंजाऱ्याकडे रांग असते. नवी घ्यायची असेल तर ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात भाव करायला वाव असतो, पण मेळा सुरू होईपर्यंत थंडी अर्धी आलेली असते हे ध्यानात ठेवा.

हिटर, रॉड आणि तारा

जुन्या वाड्यांची छतं उंच. गरम हवा वर जाते, त्यामुळे पंख्याचा ब्लोअर तिथे मुख्यतः छत गरम करतो. अशा खोलीत लाल तापणाऱ्या नळ्यांचा हिटर बरा, कारण तो हवेऐवजी समोरच्या माणसाला थेट ऊब देतो. बुटक्या छताच्या फ्लॅटमध्ये ब्लोअर किंवा तेल भरलेला हिटर चालतो, आणि रात्रभर लावायचाच असेल तर तेलाचाच लावा.

२००० वॅटचा हिटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियरच्या आसपास खेचतो. त्याला १६ अँपियरचं मोठं सॉकेट लागतं. ६ अँपियरच्या छोट्या सॉकेटमध्ये किंवा तीन तोंडांच्या एक्स्टेंशन बोर्डात तो लावला की प्लग हळूहळू तापतो, प्लास्टिक मऊ पडतं आणि मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना जळतं. लहरीच्या आधी एकदा अर्धा तास हिटर चालवून, बंद करून, प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक. चटका बसला तर सॉकेट बदलायला इलेक्ट्रिशियन बोलवा, त्याशिवाय वापरू नका. अंथरूण, पडदे आणि वाळत घातलेले कपडे हिटरपासून किमान एक मीटर लांब. खर्चाचा हिशेब सोपा आहे: २००० वॅट, तीन तास, ६ युनिट.

अंघोळीच्या पाण्याला १५०० वॅटचा रॉड बऱ्याच घरांत असतो. १५ लिटरची बादली १२ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण २० मिनिटं लागतात. क्रम कधी चुकवू नका. आधी रॉड खुणेपर्यंत पाण्यात, मग प्लग, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि त्यानंतरच पाण्यात हात. बटण बंद आहे म्हणून पाणी हाताने बघणं धोक्याचं, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असू शकतं. लोखंडी बादली वापरू नका. अर्थिंग नसेल तर रॉडच वापरू नका. आणि मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या, पण त्याच्या भरवशावर वरचा क्रम मोडू नका.

सोलर गिझरवाल्यांनी ध्यानात ठेवावं की शीत दिवसांत तो जवळपास निकामी असतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणीही सकाळी नुसतं बर्फासारखं लागतं. म्हाताऱ्यांची अंघोळ दुपारी बाराच्या पुढे न्या, किंवा त्या दिवशी कोमट पाण्याने अंग पुसून घ्या. देवपूजेसाठी पहाटे गार पाणी अंगावर घ्यायचा आग्रह या दिवसांत मोडायला हवा. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब एकदम चढतो.

शेगडी

हा भाग घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं म्हणजे मरण ओढवून घेणं आहे. निखारे लाल असोत की राखेखाली झाकलेले, त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज इथे जीव घेतो. शेगडी पेटवायचीच तर अंगणात किंवा उघड्या चौकात, आणि निजायच्या आधी पाणी टाकून पूर्ण विझवा. विझवलेली शेगडीसुद्धा आत आणू नका.

खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकं दुखणं, चक्कर, मळमळ सुरू झाली तर तो अपचनाचा प्रकार समजू नका. दार-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या, १०८ लावा. गॅस गिझरचंही तेच. तो न्हाणीघराच्या आत असेल तर बाहेर काढून बसवा, त्याची धुराची नळी उघड्यावर निघायला हवी.

माणसं

बीपी, दमा, मधुमेह, हृदयविकार यांची औषधं लहरीआधीच १५ दिवसांची भरून ठेवा. धुक्यात औषधासाठी म्हाताऱ्या माणसाला बाहेर पडावं लागू नये. सकाळचा फेरफटका ऊन पडल्यावर, नऊच्या पुढे. रात्री उठावं लागू नये म्हणून आजी-आजोबा दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, आणि थंडीत तहानही लागत नाही. त्यांना दुपारपर्यंत कोमट पाणी, सार, कढण पुन्हा पुन्हा द्या. पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत रात्रभर मंद दिवा आणि पायाशी बंद चपला ठेवा.

धनुर्मासातली पहाटेची बाजरीची भाकरी, लोणी, तिळाची चटणी, मुगाची खिचडी या हवेला नेमकी बसते. दारूने 'गरम' वाटतं, कारण ती कातडीकडे रक्त सोडते. आतली ऊब मात्र त्याच वाटेने बाहेर जाते.

कपड्यांत आत सुती, मधे लोकर, बाहेर वारा अडवणारं काही. घाम आलेला आतला कपडा लगेच बदला. दुचाकीवर बाहेरचा थर महत्त्वाचा. ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरने गाडी चालवली की उघड्या चेहऱ्याला ती थंडी शून्याच्याही खालची लागते.

तान्ह्या बाळाला टोपरं, मोजे आणि आईच्या अंगाची ऊब. बाळाचं तोंड रजईखाली कधीही नको. गरम पाण्याच्या पिशवीत उकळतं पाणी भरू नका, आणि ती कापडात गुंडाळून द्या. मधुमेहींच्या पायांना चटका कळत नाही, फोड सकाळी दिसतो.

कुणी कापत असेल तर शरीर झुंजतंय. बोलणं अडखळू लागलं, माणूस गोंधळला आणि *कापणं थांबलं*, तर शरीराचं तापमान धोक्याच्या पातळीखाली गेलं आहे असं धरा. ओले कपडे काढा, मान, छाती, काखा यांना ऊब द्या, पूर्ण शुद्धीत असेल तरच कोमट गोड पाणी पाजा आणि १०८ लावा. हातपाय जोराने चोळू नका, त्याने गार रक्त एकदम हृदयाकडे येतं.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींना गरम पाणी द्या. रस्त्यावर कुणी उघड्यावर निजलेलं दिसलं तर जवळच्या रैन बसेऱ्याची (रात्रनिवाऱ्याची) वाट दाखवा, नुसतं ब्लँकेट देऊन पुढे जाऊ नका.

धुक्यातला प्रवास

दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं, ५० च्या खाली अतिदाट. आग्रा–ग्वाल्हेर–झाशी महामार्गावर, विशेषतः चंबळच्या पात्राजवळ, ते भिंतीसारखं अचानक समोर येतं. अप्पर लावला की उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो, म्हणून डिपर आणि फॉगलाइटच. डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवा. थांबायचं तर ढाब्याच्या आवारात, रस्त्याच्या कडेला नाही. दिल्लीहून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, तेव्हा स्टेशनवर निघण्याआधी गाडीची वेळ बघा आणि म्हाताऱ्यांना फलाटावर बसवून ठेवू नका.

तुळस आणि कुंड्या

निरभ्र रात्र, वारा पडलेला आणि पारा ४ च्या खाली, तेव्हा पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडतो. तुळस एका रात्रीत काळी पडते. संध्याकाळी वृंदावनाभोवती चार काड्या रोवून जुनं सुती कापड टाका, पानांना टेकू देऊ नका. प्लास्टिक नको, त्याच्या आत दव गोठतं. दुपारी माती हलकी ओली करा, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. पपई, कढीलिंब, टोमॅटो यांनाही हेच. सकाळी ऊन आलं की कापड काढा. काळी पडलेली टोकं लगेच छाटू नका. आतला भाग ती झाकतात, फेब्रुवारीत नवी फूट दिसली की मग छाटा.

इशारा मागे घेतला तरी दगडी खोली त्याच दिवशी सोडू नका. भिंती पुन्हा तापायला दोन दिवसांचं चांगलं ऊन लागतं. तोवर आजी-आजोबांची अंथरुणं त्याच खोलीत राहू द्या, आणि रजया उन्हात घालून परत तिथेच आणा. पहाडात पुढचा विक्षोभ कधी येतोय, तेवढं पाहून ठेवा.