मिरग लागायच्या आत तलावाच्या बांधावर एक चक्कर माराच (शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांसाठी)

रोहिणी लागली, राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार करायची जागा) भाजून झाले, बियाणं घरात येऊन पडलं, मिरगाला जेमतेम दहा-बारा दिवस उरलेत. मंडळी, या गडबडीत एक सकाळ काढा आणि आपल्या गावच्या तलावाच्या बांधावर जाऊन या. भातसा, बारवीसारख्या मोठ्या धरणांवर माणसं नेमलेली असतात, आपल्या मातीच्या पाझर तलावाकडे (पाणी अडवून जमिनीत मुरवणारा तलाव) बघायला आपल्याशिवाय कोण आहे? आणि खालच्या विहिरी, नळपाणी योजना, दिवाळीनंतरची भेंडी, काकडी, वाल, सगळं त्याच पाण्यावर आहे. मुंबईला पाणी देणारी धरणं आपल्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकर आपल्याच पाड्यांवर, हे दरवर्षी बघतोय आपण, म्हणून सांगतो गावचा तलाव गेला तर दुसरं पाणी नाही.

आत्ताच का जायचं, तर मे महिन्यात बांध स्वतःच सांगतो कुठे दुखतंय ते. सगळं शिवार करपलेलं असतं आणि बांधाच्या खालच्या अंगाला, पायथ्याशी, एखाद्या खाटेएवढा तुकडा हिरवागार दिसतो, लव्हाळा माजलेला असतो, पाय ठेवला की चप्पल रुतते. तलावात तळाला पाणी असताना जर तिथे ओल असेल तर तलाव भरल्यावर काय होईल विचार करा. आमच्या तलावाला असा तुकडा तीन वर्षांपूर्वी सापडला, सगळे म्हणायचे छान जागा आहे, अळू लावा. तसं करू नका, तिथे काहीच लावू नका, झाडोऱ्यात पाझर झाकला जातो आणि मग कळत नाही. जागेवर चार खुंट्या ठोका, चुना मारा, फोटो काढून ठेवा.

पाझर दिसला म्हणून घाबरायचं पण नाही. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच, ते बाहेर निघून जावं म्हणून तर पायथ्याशी दगडाची नाली केलेली असते. बघायचं काय, तर पाणी नितळ आहे की गढूळ. पारदर्शक बाटलीत भरा, तासभर हलवू नका, तळाला माती बसली तर समजा की पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर येतंय, आतून घळ पडत चाललीय. चिपळूणचं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली, ते पण मातीचंच होतं आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. म्हणून तोंडी सांगून गप्प बसू नका, तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते ग्रामपंचायतीत विचारा, फोटो लावून अर्ज द्या आणि पोच घ्या.

मग बिळं. मुठे (खेकडे), उंदीर, घुशी बांधात बिळं करतात आणि पहिल्या पावसाला पोरं मुठ्यांसाठी पहार घेऊन तीच बिळं मोठी करतात, पोरांना आत्ताच सांगून ठेवा. बिळाच्या तोंडावर चिखलाचा गोळा थापून काही होत नाही, आत पोकळच राहतं. लहान बीळ असेल तर जितकं आत जातं तितकं उकरा, मग वीतभरापेक्षा कमी जाडीचे थर देत धुम्मसाने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकत भरा. माती चिकण हवी आणि ओल बरोबर हवी, म्हणजे मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून टाकला तर दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत, भुगा झाला तर कोरडी आणि चपटा झाला तर जास्त ओली. बीळ खोल किंवा आरपार वाटलं तर हात लावू नका, तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याचा माणूस बोलवा. बांधावरची बारकी झुडपं छाटा पण मोठं झाड आत्ता मुळासकट उपटू नका, त्या खड्ड्यातली माती पावसाआधी बसणार नाही. हरळी असेल तर राहू द्या, ती माती धरून ठेवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की संपलं, मागची माती धुपत जाते आणि काही तासांत भगदाड पडतं. हिशोब करून बघा, तलावाला येणारं पाणलोट क्षेत्र 100 हेक्टर धरलं आणि एका दिवसात 100 मिलीमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे जुलैत होतोच, तर त्या डोंगरावर 10 कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं थोडंफार मुरलं तरी उरलेल्याला बाहेर पडायला वाट फक्त सांडव्याची. आणि आपण तिथे काय करतो? जास्त पाणी साठावं म्हणून कोणी वाळूच्या गोण्या रचतं, कोणी ओल आहे म्हणून सांडव्याच्या नाल्यातच राब करतं. आमच्याकडे मासळीचा ठेका घेतलेल्यांनी मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळं लावलं होतं, एका रात्रीत त्यात पाचोळा, फांद्या, प्लास्टिक अडकून भिंतच तयार झाली, पहाटे आम्ही चौघांनी दोर बांधून कोयत्याने ते कापलं तेव्हा पाणी माथ्यापासून हातभर खाली होतं. तेव्हापासून मला झोपेत पण तो सांडवा दिसतो. गोण्या, जाळी, दगड, जे असेल ते आठवडाभरात काढून टाका, ठेकेदाराशी बोला, नाही ऐकलं तर ग्रामसभेत विषय घ्या.

गाळ उचलणाऱ्यांनो, परवानगी घेऊन करताय ते चांगलंच आहे, भाताच्या खाचरात आणि वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीला गाळ मानवतो. एकरी एक इंच थर द्यायचा तर साधारण 36 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो, त्यावरून ट्रॉल्यांचा अंदाज घ्या. पण जेसीबीवाल्याच्या बाजूला उभे राहा. गाळ संपला की थांबायचं, मुरूम लागेपर्यंत खोदायचं नाही, तळाचा चिकण थर गेला तर तलाव भरेल आणि डिसेंबरात मोकळा होईल. भिंतीच्या जवळ खोदायचं नाही, खालच्या पायथ्याचा मुरूम तर अजिबात उचलायचा नाही. आणि फवारणीचे पंप तलावात धुऊ नका, तेच पाणी झिरपून विहिरीत आणि मग नळाला येतं.

पाऊस लागला की पायथ्याच्या नालीखाली बादली धरा आणि किती सेकंदात भरते ते तलावाच्या पातळीसोबत वहीत लिहा. पातळी तेवढीच असून बादली लवकर भरायला लागली तर लगेच कळवा. गढूळ पाण्याचा झरा फुटला तर वरून चिकण माती टाकून तोंड बंद करायचं नाही, पाणी दुसरीकडून फोडून निघेल. आधी जाड वाळू, वर खडी, त्यावर दगड, असं रचायचं म्हणजे पाणी निघतं आणि माती अडते, म्हणून ट्रॉलीभर वाळू-खडी आत्ताच बांधाजवळ आणून ठेवा. पण झरा वाढतोय, माथ्याला भेग दिसतेय किंवा माथा खचतोय असं वाटलं तर तिथे थांबू नका, 1077 ला (जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष) फोन लावा, तलाठी आणि पोलीस पाटलांना उठवा आणि गुरांची दावी सोडून नाल्याकाठच्या घरांतल्या माणसांना उंचावर न्या, रात्र असली तरी.