गारपीट थांबल्यावरचा पहिला तास: मदतीला धावणाऱ्यांनो, या चुका टाळा

नागपुरात फेब्रुवारी संपत आला की दुपारी तीननंतर माझं लक्ष आभाळाकडे असतं. बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येतो, पश्चिमेकडून कोरडा. विदर्भावर दोघांची गाठ पडली आणि खालची हवा तापलेली असली, की ढग बघता बघता उभा चढतो. मग वादळ, विजा, गारा. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांना गारांनी झोडपलं, तेव्हापासून मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटमधले आम्ही काही शेजारी गारपिटीनंतरची कामं मिळून करतो. पत्रे, झाडं, पाणी, म्हातारी माणसं. इतक्या वर्षांत गारांचा मार लागून जखमी झालेली माणसं मी जेवढी पाहिली, त्याहून जास्त माणसं गारा थांबल्यावर मदत करताना जखमी झालेली पाहिली. चुका दरवर्षी त्याच. करणारी पोरं तेवढी नवी.

पत्र्यावर चढणं

गार थांबली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी शिडी लावतं. या एका गोष्टीवरून मी सगळ्यांशी भांडलो आहे आणि यापुढेही भांडणार आहे.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्याकडे दहा-बारा मिनिटं लिंबाएवढ्या गारा पडल्या. एवढी गार ताशी 40 ते 65 किलोमीटर वेगानं खाली येते. गल्लीतल्या एका घरावर सिमेंटचे जुने पत्रे होते. स्वयंपाकखोलीत चार ठिकाणी धार लागली होती आणि काकू गंज, पातेली, मिळेल ते खाली मांडत होत्या. एकोणीस वर्षांचा एक पोरगा ताडपत्री घेऊन आला. म्हणाला, "काका, पाच मिनिटांचं काम आहे जी, टाकून लगेच उतरतो." मी थांब म्हणालो, तेवढ्यात कोपऱ्यावरून कुणी हाक मारली आणि मी वळलो. मागून आवाज आला, खापर फुटावं तसा कोरडा.

आत धावलो तर छतातून त्याचा पाय मांडीपर्यंत खाली लोंबत होता. चप्पल ओट्यावर, भिजवलेल्या कणकेच्या परातीत पडली होती. पत्र्याची फुटकी कड मांडीत रुतलेली. वरून दोघं त्याला ओढायला निघाले होते, त्यांना ओरडून थांबवलं. ओढलं असतं तर मांस फाटत गेलं असतं. मी स्टुलावर चढून त्याचं पाऊल खांद्यावर घेतलं, दुसऱ्यानं पकडीनं भोवतालचा पत्रा थोडा थोडा तोडला, आणि मग पाय सुटला. चौदा टाके पडले. नशिबानं मोठी रक्तवाहिनी वाचली.

सिमेंटच्या पत्र्याला गार लागली की बारीक तडा जातो आणि ओल्या पत्र्यावर तो दिसत नाही. टिनाचा पत्रा निदान वाकून इशारा देतो, सिमेंटचा एकदम तुटतो. खाली आधाराला लोखंडी पाइप असतो तो फक्त नट-बोल्टच्या रेषेत. दोन रेषांच्या मध्ये पाय पडला की खाली काहीच नाही. वर गारांचा थर आणि शेवाळ असेल तर पाय कुठे ठेवायचा हे तुमच्या हातातही राहत नाही.

माझी सवय अशी आहे. त्या संध्याकाळी छताला हातच लावायचा नाही. आतून टॉर्च मारून गळती बघायची, जिथून थेंब पडतो तिथे खडूनं खूण करायची, गादी-धान्य-कागदपत्रं कोरड्या कोपऱ्यात हलवायची आणि लेकरांना घेऊन माणसांना शेजारच्या स्लॅबच्या घरात झोपायला पाठवायचं. एक रात्र शेजाऱ्याकडे काढण्यात कमीपणा नाही. सकाळी पत्रा वाळला की पत्रे ठोकणाऱ्या मिस्त्रीला बोलवायचं, दोन पाइपांवर आडवी फळी टाकायची आणि फळीवरूनच चालायचं. ताडपत्री आढ्यावरून दोन्ही बाजूंना यावी, दोरीनं खाली बांधावी आणि वर दाबायला वाळूची पोती ठेवावीत. विटा ठेवू नका. पुढच्या वाऱ्यात त्या खाली येतात, आणि खाली माणसं असतात.

"आमच्याकडे दरवर्षी असंच चढतात, काही होत नाही," असं सांगणारा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो. त्याच्या भरवशावर आपल्या पोराला चढवू नका.

सगळ्यांनी पडलेल्या झाडाकडे धावणं

हीसुद्धा त्याच संध्याकाळची गोष्ट. पोरगा पत्र्यातून गेला तेव्हा मला हाक मारली होती ती गल्लीच्या तोंडाशी आडव्या पडलेल्या गुलमोहरासाठी. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असतं, म्हणून वाऱ्यात तो लवकर पडतो. झाडापाशी पंचवीस-तीस जण जमले होते. कुणी कोयता आणला, कुणी दोर, निम्मे मोबाइलवर शूटिंग करत होते. मनापासून मदतीला आलेली पोरं होती सगळी. पण तिथे काम सहा माणसांचं होतं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या बाजूला, दोन खोल्यांच्या घरात एक आजी-आजोबा राहतात. मुलं पुण्याला. आजोबांना घरीच ऑक्सिजनचं मशीन लागतं. लाईन पाचच्या सुमारास गेली. मी त्या दारात पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते, तेही पोराला दवाखान्यात सोडून परत येताना आजींचं दार अर्धं उघडं दिसलं म्हणून. आत पूर्ण अंधार. इन्व्हर्टर कुईकुई वाजत होता. मशीन जास्त वेळ चालावं म्हणून आजींनी पंखा, दिवे, फ्रिज, सगळं बंद केलं होतं आणि आजोबांचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आजोबांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा लाल आकडा तेवढा दिसत होता. 84.

मी विचारलं, "आजी, फोन काऊन नाही केला?"

"सगळे कामात दिसले रे बाबा. झाड पडलं ना."

108ला फोन लावला. गाडी आली, पण गुलमोहराच्या पलीकडे थांबली. आम्ही चौघांनी आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मागच्या रिकाम्या प्लॉटमधून, गारांच्या चिखलातून उचलून नेलं. चार दिवसांनी ते घरी आले. त्या तीस माणसांतले दोघं जरी पाच वाजता दारं वाजवत फिरले असते, तर ही वेळ आली नसती.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. साधी, शंभर पानी. घर क्रमांक, एकटं कोण राहतं, कुणाकडे ऑक्सिजन किंवा दुसरं मशीन आहे, कुणाचं डायलिसिस कोणत्या वारी, कोण बाळंतीण, कुणाला ऐकू येत नाही, मुलांचे फोन. दर जानेवारीत घरोघर जाऊन ती दुरुस्त करतो. हे व्हॉट्सॲपवर ठेवू नका. एक तर ती लोकांची खाजगी गोष्ट आहे, दुसरं म्हणजे वादळात टॉवर बंद पडतो आणि फोनची बॅटरीही संपते. वहीतल्या घरांची दारं पहिल्या अर्ध्या तासात दोघांनी वाजवायची. तोंडानं उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. "आत असतील" हे उत्तर धरायचं नाही.

मशीन असलेल्या घराचा हिशोब आधीच करून ठेवा. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन 300 ते 350 वॅट खातं. 150 अँपिअर-तासाची बॅटरी नवी असली तरी तीन-चार तासांत बसते, जुनी त्याच्या कितीतरी आधी. घरात भरलेलं सिलिंडर आणि ते उघडायचा पाना, दोन्ही हवं. पाना नसलेलं सिलिंडर मी पाहिलेलं आहे.

नवीन पोरांना दारं वाजवण्याचं काम नको असतं. त्यात घाम नाही, दाखवण्यासारखं काही नाही. पण मी आता नव्या मुलाला पहिली दोन वर्षं हेच काम देतो आणि कोयता हातात घेऊ देत नाही.

तारा आणि जनरेटर

लाईन गेली म्हणजे तार मेली, असं धरून चालू नका. फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज पुरवणारी लाईन, पुन्हा चालू करून बघितला जातो तेव्हा त्याच पडलेल्या तारेत करंट येतो. ओल्या जमिनीतही तो पसरतो. तारेपासून दहा मीटर लांब राहा, झाड तारेला टेकलेलं असेल तर त्या झाडालाही हात लावू नका, महावितरणच्या 1912वर खांबाचा नंबर सांगा आणि एक माणूस तिथे उभा करा, जो दुसऱ्यांना अडवेल. तारेजवळ सापडलातच तर पाय न उचलता, जमिनीला घासत घासत लांब व्हा.

आणि भाड्यानं आणलेल्या जनरेटरची पिन भिंतीच्या सॉकेटमध्ये घालून अख्खं घर चालू करणारे लोक आहेत. मेन स्विच चालू राहिला तर तो करंट उलटा डीपीत, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, जातो आणि तिथून पलीकडे 11 हजार व्होल्ट होऊन निघतो. खांबावर त्या वेळी लाईनमन चढलेला असतो. तो तुमच्यासाठीच आलेला असतो. जनरेटरला एक्स्टेन्शन बोर्ड लावा आणि लागतील तेवढ्याच वस्तू त्यावर चालवा. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब ठेवा. धुरातला विषारी वायू नाकाला कळत नाही.

बाकीच्या

गार थांबली म्हणजे संपली, असं नाही. अर्ध्या तासानं दुसरा ढग येतो. हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज आणि विजेसाठी पुण्याच्या संस्थेचं दामिनी ॲप बघितल्याशिवाय मी कुणाला बाहेर काढत नाही.

स्लॅबच्या घरवाल्यांनी आधी गच्चीवर बघावं. गारा आणि पाला पाण्याच्या जाळीवर बसतात, गच्चीचं तळं होतं आणि पाणी जिन्यातून घरात उतरतं. जाळी हातानं मोकळी करा, पण जाड हातमोजे घालून, कारण सोलर हीटरच्या फुटलेल्या नळ्यांच्या काचा त्याच पाण्यात असतात.

एप्रिलमध्ये गार पडली तर ओल्या कूलरच्या स्टँडला हात लावण्याआधी पिन काढा.

खिचडी सगळेच आणतात. कोरड्या चादरी, टॉर्चचे सेल आणि बाळाचं दूध आणा.

लग्नाच्या मांडवाखाली आसरा घेऊ नका. कापडावर गारा साचल्या की मांडव एकदम बसतो.

जखमी पोपटाच्या चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, कोरड्या कापडावर ठेवा आणि सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी पशुपक्ष्यांच्या उपचार केंद्राला, न्या.

फुटलेले पत्रे-कवेलू झाडून ढिगारा करण्याआधी फोटो काढा. एक लांबून, घराचा नंबर दिसेल असा, एक जवळून. पंचनाम्याला पटवारी येईपर्यंत गारा विरघळलेल्या असतात आणि घर झाडून स्वच्छ केलेलं असतं. मग नुकसान तोंडी सांगत बसावं लागतं. भिंतीवर ओलीची रेघ उरते, तिचाही फोटो घ्या. फुटलेल्या पत्र्याचे दोन तुकडे पोत्यात घालून दाराशी ठेवा.