मोटर अ‍ॅनालायझरवर 'सेन्सर बी' येत नव्हता: माझा अनुभव

जळगावात, आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीची सेन्सरवाली ब्रशलेस मोटर; आतला फिरता भाग कुठे आहे ते सांगणारे ए, बी, सी असे तीन सेन्सर तिच्यात. अ‍ॅनालायझरवर (मोटर तपासायच्या यंत्रावर) ए आणि सी ठीक, बी ढिम्म हलत नाही. मोटर बदलली, केबल बदलली, तेच. दोन रविवार पाण्यात, तेही मेच्या उन्हात!

दोष यंत्रातच निघाला. आधी बॅटरी काढली, मग झाकण. मल्टिमीटर बीपवर (जोडणी सलग असली की वाजतो). एक टोक सेन्सर केबलच्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनला (क्रम: ग्राउंड, सी, बी, ए, तापमान, 5 व्होल्ट), दुसरं बोर्डावर तिच्याच तांब्याच्या रेषेला. सॉकेट हलवलं की बीप तुटायचा. भिंगातून पाहिलं तर पिनेभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात तो पदार्थ) लावून सहाही पिना पुन्हा सोल्डर केल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. 5 व्होल्ट-ग्राउंड शॉर्ट नाही हे तपासूनच बॅटरी लावली. बी आला.

केबल वायरीला धरून ओढायची माझीच खोड.