संबळाच्या कानात क्लिक घालू नका : पहिल्या फ्यूजन अल्बमात या चुका टाळा

संभाजीनगरात माझा छोटा स्टुडिओ आहे. एक खोली वाजवायची, एक ऐकायची, मधे दुहेरी काच. दिवाळी झाली की कुठला ना कुठला नवा बँड येतो. दोन इंजिनिअरिंगची पोरं गिटारवर, एक ड्रमर, एक तबलजी, आणि एक बास गिटारवाला, ज्याला कुणी काही विचारत नाही. "काका, जॅझ-रॉक आहे, पण आपल्या मातीतला. गोंधळ आहे, कव्वाली आहे, भारूड आहे, थोडं फंक, थोडं लॅटिन, एक मालकंस." मी विचारतो, गाणी किती? "सहा." मग मी चहा सांगतो, कारण बसावं लागणार हे कळलेलं असतं.

त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्यात की आता लिहूनच ठेवतो.

आधी सगळं घरी करून आणणं

ही माझ्या सर्वात डोक्यात जाणारी चूक, म्हणून सविस्तर सांगतो. तीन वर्षांपूर्वी लातूरकडचा एक बँड आला. गोंधळावर बेतलेलं सहा मिनिटांचं गाणं. ड्रम लॅपटॉपवर बनवलेले, त्यावर बास, तीन थर गिटार, की-बोर्ड, सगळं मिनिटाला १२० ठोक्यांच्या क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरलेल्या टकटकीवर, घरीच तयार. आता "वरून फक्त संबळ टाकायचाय" म्हणे. जणू पोह्यांवर कोथिंबीर.

संबळवाले मामा तुळजापूरकडून सकाळच्या एसटीने आले, सोबत तुणतुण्यावर पुतण्या. पोरांनी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. पहिला टेक मधेच थांबला. दुसराही. तिसऱ्याला मामांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे टकटक कशाचं यायलंय?"

"मामा, ते लयीसाठी."

"लय तर माझ्याकडंच हाय की."

पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण माणूस शब्दशः खरं बोलत होता. गोंधळाची लय सपाट नसते. कथा सुरू होताना ती सैल असते, देवीचं नाव आलं की सरकते, आणि शेवटाकडे चढतच जाते. ऐकणाऱ्याच्या अंगात येतं ते त्या चढण्यामुळं. १२० वर खिळा मारला की सुरुवात घाईची वाटते आणि शेवट रेंगाळलेला. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. मामांनी चौथा टेक क्लिकला धरून वाजवला, आणि तो शाळेतल्या कवायतीसारखा झाला. त्यावर एका पोराने उपाय सुचवला, "काका, क्वांटाइझ करू." म्हणजे प्रत्येक ठोका ओढून रेघेवर बसवायचा. करून दाखवलं. संबळाचा रिंगटोन झाला.

मग मी पोरांना जेवायला पाठवलं. एसी बंद केला, कारण गार हवेत कातडं उतरायला लागलं होतं, आणि संबळाजवळ शंभरचा पिवळा बल्ब लावून ठेवला. जेवून आल्यावर मामा, पुतण्या, ड्रमर आणि बासवाला यांना एकाच खोलीत समोरासमोर बसवलं. क्लिक नाही, हेडफोन नाही. बासवाल्याला एवढंच सांगितलं, मामांच्या मनगटाकडं बघ. दुसऱ्याच टेकला गाणं बसलं. १०४ ला सुरू झालेलं १३० ला जाऊन संपलं. नंतर मी त्यांच्या ठोक्यांवरून कॉम्प्युटरमध्ये टेम्पो मॅप आखला, म्हणजे रेघा संबळाच्या मागं गेल्या, संबळ रेघांच्या मागं नाही. तीन थर गिटार फेकून द्यावी लागली. लीड गिटारवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

यावर एक युक्तिवाद ठरलेला असतो. "काका, जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९७० च्या अल्बमचीसुद्धा टेप कापून जोडली होती ना?" होती. त्याचा निर्माता टिओ मासेरो, त्याने कापली. पण कापलं काय? ऑगस्ट १९६९ मध्ये एका स्टुडिओत, एकमेकांकडं बघत, एकदम वाजवलेलं संगीत. कापायला आधी वाजलेलं लागतं बाबांनो. आणि 'शक्ती' या फ्यूजन बँडची पहिली तबकडी तर चक्क न्यूयॉर्कजवळच्या एका कॉलेजातल्या १९७५ च्या मैफलीचं रेकॉर्डिंग आहे. त्यात झाकीर हुसेन होते, एल. शंकर होते, विनायकराम यांचा घटम होता, जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार होती. क्लिक कुठंच नव्हता.

रागाखाली डोळे मिटून पॉवर कॉर्ड

दुसरं दुखणं. मालकंसात पंचम नाही, हे गाणं शिकणाऱ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. झालं. आता गिटारवाल्याचा हात सवयीने कुठं जातो? पॉवर कॉर्डवर. आणि पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. वर गायिका जीव तोडून मालकंस मांडतेय आणि खाली डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारच्या फाटक्या-खरखरीत आवाजात, पंचम गरजतोय. एकदा अंबाजोगाईची एक मुलगी गाता गाता थांबली आणि काचेतून मलाच म्हणाली, "खाली पंचम कोण लावतंय?" गिटारवाला स्वतःच्या बोटांकडं असा बघायला लागला, जणू ती दुसऱ्याची आहेत.

मग हुशार पोरं म्हणतात, सा-म घेऊ. तानपुराही मालकंसाला मध्यमात लावतात, तेव्हा कल्पना बरोबर आहे. पण त्या सा-म ला जोरात डिस्टॉर्शन दिलं की खालून मंद्र मध्यमाची घुमारी उठते, आणि कानाला मध्यमच षड्ज वाटायला लागतो. राग तिथंच सरकतो. माझी सवय अशी: मालकंस असेल तर गिटार स्वच्छ आवाजात, किंवा डिस्टॉर्शन हवंच असेल तर नुसता षड्ज, दोन सप्तकांत. गाण्याआधी कागदावर रागाचे स्वर लिहायचे आणि प्रत्येक कॉर्डमधला एकेक स्वर त्याच्याशी पडताळायचा. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता "फ्यूजन आहे, चालतं" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, मग मालकंस हे नाव कशाला लावतोस?

रूपकाचंही तसंच. सात मात्रा दिसल्या की ड्रमरला आनंद होतो, सेव्हन-एट आला म्हणून. तो पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि क्रॅश (मोठी झांज) दोन्ही हाणतो. पण रूपकात पहिल्या मात्रेवर 'खाली' असते, तबल्याचा डग्गा तिथं गप्प असतो. तीन-दोन-दोनमध्ये वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतं. तिथं किक टाका, पहिलीवर नुसतं हाय-हॅट (जोडझांज), आणि बघा तबलजीचा चेहरा कसा उजळतो.

एका गाण्यात सात शैली

पोरं मला महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचं उदाहरण देतात, त्यांनी नाही का सगळं मिसळलं. १९७१ ची त्यांची पहिली तबकडी परत ऐका. माणसं पाच: इंग्लंडचा गिटारवाला, पनामात जन्मलेला ड्रमर, प्रागचा की-बोर्डवाला, डब्लिनचा बासवाला, अमेरिकेचा व्हायोलिनवाला. शैली वाटेल तितक्या आहेत, पण वाद्यं याच पाचांतली, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. कान त्यांना धरून चालतो. आपल्याकडं येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, भज्जीत शिवारातलं सगळं पडतं, तरी बेसनाचं अंग एकच असतं. पोरांच्या अल्बमात पहिल्या गाण्याला सतार, दुसऱ्याला ट्रम्पेट, तिसऱ्याला बासरी, आणि सगळी की-बोर्डातली. त्यापेक्षा एक खरं तुणतुणं सहाही गाण्यांत ठेवा.

आता बारीकसारीक.

पेटी ४४० हर्ट्झवरच, म्हणजे गिटार-की-बोर्डच्या ठरलेल्या सुरावरच, असेल असं धरू नका, बहुतेक नसते. पेटीचा षड्ज आधी ट्यूनरवर बघा आणि गिटार, बास, की-बोर्ड तिच्याकडं आणा. पेटीवाल्याला "तुमची पेटी बेसूर आहे" म्हणणाऱ्या पोराला मी बाहेर पाठवतो.

हलगी खोलीत शेकू नका. अंगणात तुराट्या पेटवा, हलगी शेकून आत आणा, दोन टेक घ्या, परत शेका. यूट्यूबवर सापडलेल्या 'लूप'ने हे काम होत नाही.

एप्रिल-मे मध्ये गिटारच्या अँपमधून 'हुंऽऽ' येतं ते गिटारचं नसतं. आपली जमीन सुकते आणि अर्थिंग मरते. खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी पाणी लागतं. उन्हाळ्यात रोज सकाळी मी दोन बादल्या तिथं ओततो. शेजारी बोअरची मोटर असेल तर ती कधी चालू होते ते विचारून ठेवा, नाहीतर सर्वात चांगल्या टेकमध्येच चालू होईल.

भीमगीत म्हणजे लोकगीत, कुणीही घ्यावं, असं समजून पोरं चाल-शब्द उचलतात. मराठवाड्यात घरोघरी गायली जाणारी कित्येक गाणी वामनदादा कर्डकांसारख्या कवींची आहेत. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे हक्क शाबूत आहे. गाणं कुणाचं ते शोधा, परवानगी घ्या, नाव छापा. गोंधळाच्या जुन्या कॅसेटवरून ठोके कापून घेणं हीही चोरीच.

मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, जास्तीत जास्त मोठ्या आवाजाचा करून मागू नका. स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणून बसवतो. तुम्ही दाबून चपाती केली तर आवाज वाढत नाही, नुसती चपाती राहते.

आणि संबळवाल्याचे पैसे सकाळीच पाकिटात द्या, "अल्बम चालला की बघू" नको. मामांची शेवटची एसटी पोरांच्या चर्चेपायी चुकली होती. रात्री माझ्याकडंच राहिले. नावही त्यांचं 'स्थानिक कलाकार' असं छापणार होते. मी प्रूफ परत पाठवलं.

मिक्स झालं की मी पोरांना घेऊन बायपासवरच्या भज्याच्या टपरीवर जातो. मालकाचा स्पीकर धुळीने भरलेला, वर कढईचा आवाज, मागून ट्रक. तिथं पेन ड्राइव्ह लावायचा आणि गप्प उभं राहायचं. मामांच्या गाण्याला तुणतुणं स्वच्छ ऐकू आलं, संबळ तर टपरीवाल्यानेही मान हलवून घेतला. बास मात्र कुठंच नव्हता. बासवाला काही बोलला नाही, भजी खात राहिला. परत येऊन त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, दोन डेसिबल वर केला.