सूसला राहायला आलात? आधी काम सांगा, मग हद्द सांगते

पुण्याच्या कडेच्या सूस गावात आमची सोसायटी. तिथे कुणी नवीन राहायला आलं की आठवडाभरात माझं दार वाजतं. "काकू, आपण नक्की कशात येतो?" सात वर्षं सेक्रेटरी आहे, पण याचं एका शब्दात उत्तर मला अजून देता आलेलं नाही. म्हणून मी उलट विचारते, काम काय आहे?

कचरा, ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे, मिळकतकर असेल तर पुणे महापालिका. ३० जून २०२१ ला जी २३ गावं पालिकेत गेली, त्यांत सूस होतं. तक्रार घेऊन शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत जाऊ नका, आपलं क्षेत्रीय कार्यालय औंध-बाणेर. घर जुनं असेल तर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. थकबाकीचा वाद निघाला तर त्याच कामी येतात.

क्षेत्रीय कार्यालय म्हणजे प्रभाग नव्हे, यात पुष्कळ जण गोंधळतात. प्रभाग नगरसेवक निवडण्यापुरता, आणि तो निवडणुकीआधी नव्याने आखतात. आता ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत, त्यातले चार आपल्या प्रभागाचे. म्हणजे "आपला नगरसेवक कोण?" याला चार उत्तरं. चौघांनाही फोन करा, एखादा उचलतो.

सातबारा काढायचा असेल तर मात्र पुणे शहर विसरा. महाभूलेखवर, म्हणजे सातबाराच्या सरकारी वेबसाइटवर, मी पहिल्यांदा बसले तेव्हा "हवेली" तालुका निवडून अर्धा तास सूस शोधत होते. शेवटी आमच्या दूधवाल्याने सांगितलं, "ताई, आपण मुळशीत." तो इथलाच, त्याला ठाऊक. गाव पालिकेत गेलं तरी महसुली तालुका बदलत नाही. तहसीलदार पौडला बसतात. शेजारच्या बावधनचं तर आणखी मजेशीर आहे. खुर्द आधीपासून पालिकेत, बुद्रुक आपल्याबरोबर २०२१ ला आलं. त्यामुळे जमिनीच्या कागदावर नुसतं "बावधन" लिहिलं असेल तर पुढे जाऊ नका, खुर्द की बुद्रुक ते विचारा.

पोलिसांचं मी स्वतः चुकून शिकले. पार्किंगमधून स्कूटर गेली, आणि पालिका पुण्याची म्हणजे पोलीसही पुण्याचे, असं धरून मी उलट्याच दिशेच्या चौकीत जाऊन बसले. सूस पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. हे आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. आपलं ठाणं बावधन. पण दखलपात्र गुन्हा असेल तर हद्दीबाहेरच्या ठाण्यालाही तक्रार नोंदवून घ्यावी लागते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. तो शब्द तेव्हा मला माहीत असता तर रिक्षाचे पैसे वाचले असते. तातडीचं असेल तर हद्दीचा विचारच करू नका, ११२ लावा.

फ्लॅट विकत घेणाऱ्यांनी मंजूर नकाशावर शिक्का कुणाचा आहे ते वाचावं. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१५ ला आलं, त्याआधीच्या बिनशेतीच्या कागदांवर जिल्हाधिकारी कार्यालय दिसेल. आणि गाव पालिकेत गेल्यावरही सरकारने या २३ गावांचं नियोजन पीएमआरडीएकडेच दिलं होतं. म्हणून २०२१ नंतरच्या नकाशावर पालिकेचा शिक्का नाही एवढ्यावरून बिल्डरवर संशय घेऊ नका. तारीख बघा आणि तो नकाशा ज्या कार्यालयाचा, तिथेच पडताळून घ्या.

मतदानाचं सांगितलं की नवे लोक हसतात. महापालिकेला पुणे, विधानसभेला भोर, लोकसभेला बारामती. भोरला मी आयुष्यात एकदा गेलेय, तेही लग्नाला. कोथरूड-कर्वेनगरातून आलेले बरेच जण जुन्याच यादीत राहतात आणि मतदानाच्या दिवशी शाळा शोधत फिरतात. घर बदलल्यावर फॉर्म ८ भरा. त्यानंतर यादी भाग क्रमांक एकदा स्वतः तपासा.

हे सगळं चार ओळींत लिहून मी लिफ्टमध्ये चिकटवलं. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, "आणि लाईट गेली तर?" महावितरण. बिल काढा, आपला उपविभाग त्यावरच छापलेला असतो.