तार तुटली म्हणून तंबोऱ्याला काही होत नाही, पण हे बघा

तंबोऱ्याची तार ताडकन तुटली की घरातले सगळे दचकतात आणि पहिला प्रश्न हाच, भोपळ्याला तडा तर नाही ना गेला? नाही जात. तार तुटली की उलट लाकडावरचा ताण कमीच होतो. फार तर पॉलिशवर ओरखडा येईल. खरी भीती डोळ्याची, स्टीलची तार चाबकासारखी उडते, म्हणून खुंटी पिळताना तोंड तारेच्या रेषेत आणू नका, पोरं शेजारी बसली असतील तर आधी त्यांना उठवा.

नवीन तार घालायच्या आधी जुनी कुठं तुटली ते बघा. खुंटीपाशी तुटली तर बहुतेक वळण चुकीचं किंवा तार गंजलेली, पण दरवेळी घोडीवरच, म्हणजे भोपळ्याच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरच, तुटत असेल तर तिथं खाच धारदार झालीय, मग नुसत्या तारा बदलून उपयोग नाही, जवारी काढून, म्हणजे घोडीचा माथा घासून नीट करून, घ्यायला लागते आणि ते काम कारागिराचंच, घरी कानस घेऊन बसू नका प्लीज. तंबोऱ्याच्या कारागिरांचं मिरज आपल्याला सोलापूरकरांना काय लांब नाही.

आणि चारही तारा एकदम काढू नका हां, बऱ्याच तंबोऱ्यांची घोडी नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते, ती सरकली की जागा शोधत बसा. एक काढा, एक घाला.

सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसून खुंट्या सुटतात, त्यांना खडू लावा. बंद गाडीत तंबोरा ठेवला तर मात्र सांधे उकलू शकतात, तारेपेक्षा त्याला जास्त घाबरा.